'त्रिंकोमाली'ची प्रतिकृती आणि तिचे दोरकाम

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी बांधलेले आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरलेले 'त्रिंकोमाली' हे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची शिडाची युद्धनौका, आजही तरंगते आहे. फक्त ते इथे नाही, इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. शिडाच्या जहाजाची प्रतिकृती करायचे ठरल्यावर मला दुसरे जहाज सुचलेच नाही. तयार संच न घेता आराखड्यांवरून काम करायचे आणि प्रमाण १:६४ ठेवायचे, एवढे आधीच निश्चित केले. तोफांच्या डेकची मूळ लांबी सुमारे १५० फूट. या प्रमाणात ती ७१ सेंटीमीटरच्या जवळपास येते आणि नाळेपुढचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकापुढचा, तिरका सोट धरला तर सगळे काम मीटरभर लांब होते. मुंबईतल्या घरात याहून मोठ्या जहाजाला धक्का मिळणे कठीण.

लाकूड कापण्याआधी जहाज कोणत्या सालातले दाखवायचे ते ठरवावे लागते. पोर्ट्समथला १८१९ मध्ये पोहोचल्यावर हे जहाज राखीव ठेवले गेले, आणि १८४५ नंतर त्याच्या तोफा कमी करून पिछाडीची घडणही बदलण्यात आली. त्यामुळे आजच्या जहाजाची छायाचित्रे पाहून १८१७ची पिछाडी करता येत नाही. फ्रेंचांकडून १७८२ मध्ये पकडलेल्या 'एबे' या फ्रिगेटवरून बेतलेल्या 'लेडा' वर्गातले हे जहाज असल्याने, त्या वर्गाच्या मूळ आराखड्यांवरून मी सपाट, चौकोनी पिछाडी घेतली. डेकच्या प्रत्येक बाजूला १८ पौंडी तोफांच्या १४ खिडक्या आहेत. त्यांच्या रांगेचा हलका बाक आराखड्यातून फळ्यांवर नेमका उतरवणे हे सांगाड्याच्या टप्प्यातले सर्वांत जोखमीचे काम होते.

मूळ जहाज मलबारी सागाचे, म्हणून प्रतिकृतीही सागाची असावी असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही. सागाची छिद्रे मोठी असतात आणि पाव मिलिमीटरचे छिद्र या प्रमाणात जहाजावर दीड सेंटीमीटरहून मोठे ठरते. बारीक फळीवर ते लगेच डोळ्यांत भरते. मी हेदू वापरला. त्याचा पोत बारीक व एकसारखा असतो, पटाशीखाली तो ठिसूळपणे तुटत नाही आणि पिवळसर रंग कालांतराने गडद होत जातो. सांगाडा मात्र प्लायवूडचा, कारण तो पुढे दिसतच नाही.

फळ्या बसवण्याबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. जहाजाचा घेर मध्यभागी जास्त आणि नाळेकडे कमी असतो, म्हणून सगळ्या फळ्या सारख्या रुंदीच्या कापून चालत नाही. सांगाड्याच्या प्रत्येक आडव्या पाटीवर कागदाची पट्टी लावून घेर मोजायचा, तो फळ्यांच्या संख्येने भागायचा आणि त्या-त्या ठिकाणची रुंदी फळीवर आखून रंध्याने निमुळती करायची. हे केले की फळ्या आपोआप वळणात बसतात. न केल्यास नाळेपाशी त्या एकमेकींवर चढू लागतात. पाण्याखालच्या भागावरचा तांब्याचा पत्रा त्या काळच्या ब्रिटिश युद्धनौकांवर ४८ इंच लांब व १४ इंच रुंद तुकड्यांत लावत. १:६४ ला तो १९ बाय ५.६ मिलिमीटरचा होतो. चिकटपट्टीवाले तांबे हातमोजे घालूनच लावावे, नाहीतर बोटांचे ठसे काळे पडून कायमचे राहतात.

डोलकाठ्या गोल दांड्यापासून करण्यापेक्षा चौकोनी काठीपासून करणे बरे. चौकोनाचा अष्टकोन, अष्टकोनाचा सोळा बाजूंचा आकार आणि मग कानस व पॉलिश पेपरने गोल, या क्रमाने गेले की काठी टोकाकडे सारखी निमुळती होते आणि मध्येच कुठे फुगत नाही. यार्ड, म्हणजे शीड पेलणारे आडवे वासेही याच रीतीने केले. त्या काळातील मोठ्या यार्डांचा मधला भाग अष्टकोनीच असे. तो तसाच ठेवल्याने काम वाचले आणि अचूकताही राहिली.

दोरकामाची तयारी दोर वळण्यापासून होते. जहाजावरचे दोर व्यासाने नव्हे तर घेराने मोजत. आराखड्यात १२ इंच लिहिलेला दोर सुमारे पावणेचार इंच जाड, म्हणजे १:६४ ला दीड मिलिमीटर. बाजारातला दोरा थेट वापरला तर या जाडीला तो सुतळी वाटतो, दोर वाटत नाही. म्हणून छोट्या मोटरीवर तीन पदर एकत्र वळावे लागतात. इथे पिळाची दिशा महत्त्वाची. जहाजावरचे बहुतेक दोर उजव्या पिळाचे असत आणि असे तीन दोर एकत्र वळून केलेले केबल पद्धतीचे जाड दोर डाव्या पिळाचे. शिवणाच्या सामान्य दोऱ्याचा मूळ पीळ असा असतो की तीन पदर उलट वळले की डाव्या पिळाचा दोर तयार होतो. जाड स्टेसाठी, म्हणजे डोलकाठीला पुढे ओढून धरणाऱ्या दोरासाठी, ते उत्तम. इतरांसाठी उलट पिळाचा दोरा शोधावा लागला आणि रीळ घेण्यापूर्वी दुकानातच भिंगाखाली पीळ पाहण्याची सवय लागली. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचे भाव वेगळे सांगायला नकोत.

सुती दोर घ्यावा की पॉलिएस्टर, हा वाद आमच्याकडे हवामानच मिटवते. दोन्ही दोरांना सारखी वजने टांगून मी पावसाळाभर भिंतीवर खुणा केल्या. दमट दिवसांत सुती दोर आखडून वजन वर उचलत असे आणि कोरड्या हवेत ते पुन्हा खाली येई. पॉलिएस्टरची खूण जागची हलली नाही. डोलकाठीला धरून ठेवणारा ताणलेला सुती दोर वर्षभरात असा आखडत-सैलावत राहिला, तर एके दिवशी काठी वाकलेली दिसणार. म्हणून काठ्यांना धरून ठेवणारे स्थिर दोरकाम पॉलिएस्टरचे, डांबराच्या छटेसाठी काळ्याऐवजी गडद तपकिरी. शिडे व यार्ड हलवणारे चल दोर फिक्या तागाच्या रंगाचे.

श्राउड म्हणजे डोलकाठीला दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे दोर. एकच दोर मधोमध दुमडून काठीच्या माथ्यावर घालायचा आणि त्याची दोन टोके एकाच बाजूला खाली आणायची. पहिली जोडी उजव्या बाजूची, सर्वांत पुढची. दुसरी डाव्या बाजूची. मग पुन्हा उजवी. सगळ्या जोड्या माथ्यावर एकावर एक बसल्यावर पुढे ओढणाऱ्या स्टेचा फास त्यांच्या वर येतो. हा क्रम चुकवला तर एक फास दुसऱ्याखाली सरकवण्यासाठी सगळे सोडण्यावाचून उपाय नसतो. प्रत्येक श्राउडच्या टोकाला तीन भोकांचे लाकडी डेडआय असते. वरच्या व खालच्या डेडआयमधले अंतर सारखे राहावे म्हणून तारेचा एक आकडा करून तो दोन्हींत अडकवला. दोन डेडआयमधला ओवलेला दोर मात्र लगेच बांधून टाकू नये. स्टे, काठीला मागे ओढणारे बॅकस्टे आणि दोन्हीकडचे श्राउड थोडे-थोडे करत एकत्र ताणावे, काठी समोरून व बाजूने पट्टी धरून तपासावी आणि ती आपल्या उताराला उभी राहिल्यावरच गाठी मारून चिकट थेंब लावावा.

त्यानंतर रॅटलाइन. खलाशी ज्यांवर पाय ठेवून वर चढत त्या या दोरी पायऱ्या १३ ते १५ इंचांवर असत, म्हणजे इथे पाच-सहा मिलिमीटरवर. श्राउडच्या मागे रेघा आखलेला कार्ड ठेवून, मधल्या श्राउडपासून दोन्ही बाजूंना क्लोव्ह हिच ही दोन वेढ्यांची गाठ घालत गेलो. गाठ आवळताना आडवा दोर ओढला गेला की श्राउड आत झुकतात आणि काही ओळींत सगळ्या शिडीला डमरूचा आकार येतो. म्हणून दर काही ओळींनंतर बाहेरच्या दोन श्राउडमधले अंतर मोजणे आवश्यक आहे. हे काम कंटाळवाणे आहे असे सगळे म्हणतात. मला तसे वाटले नाही. हाताला लय सापडली की संध्याकाळ कधी सरते कळत नाही.

शिडे लावली नाहीत, कारण कोणतेही कापड या प्रमाणात जाडेभरडेच दिसते. पण शिडे नसताना वरची टॉपसेल यार्ड, म्हणजे खालच्या शिडाच्या वरच्या शिडाचे वासे, वर उचललेली दाखवणे चुकीचे आहे. ती खाली, खालच्या काठीच्या माथ्याजवळ विसावतात. अनेक सुबक प्रतिकृतींत हे चुकलेले दिसते. चल दोर काठीजवळच्यापासून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने बांधले, नाहीतर चिमटा आत पोहोचत नाही. खुंट्यांवर लटकणारी दोरांची वेटोळी जागेवर न करता खिळ्यांच्या साच्यावर वळून, पातळ फेविकॉल लावून, वाळल्यावर बसवली.

तोफा पितळेच्या करवून घेतल्या. शिशाच्या स्वस्त मिळतात, पण बंद पेटीत लाकडातून सुटणाऱ्या आम्ल वाफांनी शिशावर पांढरी भुकटी चढते आणि काही वर्षांत तोफ खचत जाते. त्याच कारणाने ॲक्रिलिकच्या पेटीच्या तळाशी, मागच्या बाजूला, हवा खेळण्यापुरती फट ठेवून तिला बारीक जाळी लावली आहे.