गढूळपणा सुटला! (आणि पुढचा बेत बदलला)

काल रात्री पेल्यातून पलीकडची खिडकी दिसली. मागच्या नोंदीत लिहिलं होतं तेच दुखणं: आइस्ड टीसाठी केलेला काळा चहा फ्रिजमध्ये गेला की तासाभरात दूध घातल्यासारखा दिसायचा. पाणी बदललं, गाळणी बदलली, मलमल दुहेरी केली, फरक शून्य. शेवटी वैतागून गढूळ पेला गरम पाण्याच्या भांड्यात धरला. कडेपासून धुकं विरत गेलं आणि थोड्याच वेळात चहा पुन्हा लालसर, नितळ! म्हणजे तो गाळ नव्हता, टी क्रीम होतं. थिअफ्लेविन, थिअरुबिजिन (काळ्या चहातली रंगद्रव्यं) आणि कॅफीन गारव्यात एकमेकांना चिकटतात, तापले की सुटतात. मलमल काय करणार?

मी दुप्पट कडक अर्क काढून बर्फावर ओतत होतो आणि अर्क जितका दाट, तितकं क्रीम जास्त. या खेपेला लिटरला 8 ग्रॅम पत्ती, गार पाणी, फ्रिजमध्ये 10 तास. गार पाण्यात ही द्रव्यं कमी उतरतात. तुरटपणाही गेला. वास जरा मवाळ आहे, चालेल. पत्ती मात्र काट्यावरच मोजा. मोठ्या पानाचा चमचा आणि चुऱ्याचा चमचा यांच्या वजनात फार फरक पडतो. आइस्ड टीसाठी ‘खास’ म्हणून मिळालेला चुरा मी आता पुन्हा घेणार नाही.

उन्हात बरणी ठेवून चहा काढायचा बेत रद्द. पाणी जेमतेम 54 अंशांपर्यंत तापतं, जंतू मारायला ते पुरत नाही.

चाचण्यांच्या नादात रोज दोन लिटर पीत होतो, तेही थांबवलं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या आर्कान्सातल्या 56 वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध झाली: दिवसाला 16 पेले आइस्ड टी, आणि चहातल्या ऑक्झलेटने (मुतखडे बनवणारं द्रव्य) मूत्रपिंडं निकामी. प्रमाण टोकाचं होतं, पण मुतखड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जेवणासोबतही नको, अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही.

पुढच्या खेपेला सिलोन (श्रीलंकेचा काळा चहा) करणार होतो. पण आइस्ड टी 1904 च्या सेंट लुईस जागतिक जत्रेत रिचर्ड ब्लेचिंडन यांनी शोधला, ही गोष्ट तपासताना अमेरिकन पाककृती-लेखिका मॅरियन कॅबेल टायरी यांची आइस्ड टीची 1879 ची कृती हाती लागली. म्हणजे जत्रेच्या पंचवीस वर्षं आधीची! त्यात हिरवा चहा आहे, साधारण लिटरभर उकळत्या पाण्याला फक्त दोन छोटे चमचे, न ढवळता गाळायचा आणि ओतताना तळाचा साका भांड्यातच ठेवायचा. हिरव्या चहात थिअफ्लेविन जवळपास नसतंच, त्यात अर्कही फिका. सिलोन थांबेल. उद्या न्याहारीच्या वेळी हा चहा टाकतो, संध्याकाळी लिंबू पिळण्याआधी आणि पिळल्यावर रंग कसा दिसतो ते कळवतो.