शाडूत दाबलेल्या काती: दुसरी खेप

कीटकांच्या काती मातीत दाबून जीवाश्मासारखे ठसे घेण्याची पहिली खेप काळ्या मातीची होती. वाळताना तिला भेगा पडल्या आणि कातींचे पायही फाटले. या वेळी घरच्या गणपतीची उरलेली शाडू वापरली. दसऱ्यानंतर मेळघाटातल्या आमच्या गावामागच्या नाल्यावर, पाण्याबाहेर डोकावणाऱ्या गोट्यांना चिकटलेल्या स्टोनफ्लायच्या (वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या एका कीटकाच्या) अकरा काती सुईने अलगद सोडवून आणल्या होत्या. नाला व्याघ्रप्रकल्पाच्या हद्दीबाहेर आहे, तरी जिवंत निम्फला, म्हणजे या कीटकाच्या पाण्यातल्या पिल्लाला, मी हात लावत नाही. शाडूच्या दोन पोळ्यांमध्ये एकेक कात, वर विटा, तीन आठवडे पडवीत.

रविवारी पोळ्या उकलल्या. जीवाश्म निम्फवरून नवी प्रजाती मांडायची, तर कोणत्या खुणेवर भरवसा ठेवायचा, एवढंच मला पाहायचं होतं.

पायांनी निराश केलं नाही. पावलाची तीन पेरं आणि टोकाच्या दोन नख्या नऊ ठशांत भिंगाखाली स्वच्छ दिसल्या. मेफ्लाय या पाण्यातच वाढणाऱ्या दुसऱ्या कीटकाच्या निम्फला नखी एकच, त्यामुळे गट तिथेच ठरतो. ब्राउअर, रेडटेनबाखर आणि गांगलबाउअर यांनी १८८९ मध्ये सैबेरियातल्या जुरासिक निम्फला ‘प्लॅटिपर्ला प्लॅटिपोडा’ म्हटलं, म्हणजे नावातच रुंद पाय आले. ते पायांवर का विसंबले असतील, हे आता हाताला कळलं.

पंखांच्या कोंबांनी मात्र मला चांगलंच फसवलं. कात टाकताना डोक्या-छातीची पाठ मधोमध उलते. अशी उललेली कात दाबली की दोन्ही बाजू फाकतात आणि कोंब बाहेरच्या अंगाला वळल्यासारखे दिसतात. एकाच नाल्यातल्या कातींत हा कोन इतका वेगळा आला, की न सांगता कुणापुढे ठेवल्या असत्या तर त्याने दोन प्रजाती केल्या असत्या. म्हणून वर्णनात कोंबांचा कोन लिहायचा, तर आधी पाठ उललेली आहे का ते लिहायलाच हवं.

छातीखालचे कल्ल्यांचे झुपके एकाही ठशात उमटले नाहीत. कातीवर ते होते, मी ठेवण्यापूर्वी पाहिले होते. तेव्हा ‘कल्ले नाहीत’ असं जीवाश्माबद्दल लिहिताना माझा हात आता थांबेल. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतून अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये वर्णन केलेले कीटक भुंगेरे होते, कठीण पंखकवचांचे. मऊ अंगाचं टिकणं किती अवघड, ते या पोळ्यांत दिसलं.

पुढची खेप लहान निम्फच्या कातींची. दर कातीगणिक कोंब वाढतात, ती वाढ ठशांत मोजायची आहे. त्या काती पाण्यातच सुटतात, म्हणून धारेच्या खाली मलमलीचं फडकं बांधून ठेवलं आहे.