रीफ टँक मोठा करताना कोरल का मेली आणि उरलेली कशी वाचवली

१६० लिटरच्या रीफ टँकमधून (कोरल ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधून) १२० × ६० × ५० सेंटिमीटरच्या टँकमध्ये जायचं ठरवलं, तेव्हा आकडेमोडीपासून सुरुवात केली. काठोकाठ ३६० लिटर. संपमधलं (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी धरून आणि दगडांची जागा वजा करून प्रत्यक्ष खेळणारं पाणी साधारण ४०० लिटर. १२ मिलिमीटर काच, पाणी, दगड, वाळू, संप आणि स्टँड मिळून वजन ६०० किलोच्या घरात जातं. स्टँडची पातळी चारही कोपऱ्यांना तपासून मगच टँक चढवला. पाणी भरल्यावर एका बाजूला ३ मिलिमीटर जरी फरक दिसला, तरी तो ताण काचेच्या सांध्यावर येतो, म्हणून तिथे घाई केली नाही.

पहिली चाचणी साध्या पाण्यावर. संप आणि पाइप जोडून सगळं चालू केलं आणि मग संपमधून पाणी वर ढकलणाऱ्या रिटर्न पंपाचा प्लग काढला. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या, म्हणजे टँकमधून पाणी खाली सांडण्याच्या, पातळीपर्यंतचं पाणी आणि पाइपातलं पाणी संपमध्ये उतरतं. रिटर्नचं तोंड खोलवर असेल तर सायफन होऊन आणखी उतरतं. ते पाणी संपमध्ये मावतं का, ते याच वेळी कळतं. पंप बंद करून पातळी स्थिरावली की संपच्या काचेवर मार्करने रेघ मारायची. चालू अवस्थेतली पातळी कुठपर्यंत असली तर चालेल, ते या रेघेवरून ठरतं. निचऱ्याला एकच पाइप ठेवू नये. एक पूर्ण भरून वाहणारा आणि एक आणीबाणीचा कोरडा, एवढं तरी हवंच. गोगलगाय पाइपात अडकणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे.

नवीन पाण्याचं गणित असं. जुन्या टँकमधलं स्वच्छ पाणी, म्हणजे वाळू आणि दगड हलवायच्या आधी काढलेलं, जेमतेम १२० ते १४० लिटर मिळतं. उरलेलं २६० लिटर आणि वर थोडं हाताशी असावं म्हणून ३०० लिटर बनवलं. लिटरला साधारण ३६ ग्रॅम मीठ धरलं तर ११ किलो लागतं. पाणी आरओ-डीआय फिल्टरचं, विरघळलेले क्षार (टीडीएस) शून्य असलेलं. आधी पाणी, मग थोडं थोडं मीठ, आत पंप आणि हीटर, २५ ते २६ अंशांवर एक दिवस फिरवत ठेवायचं. मिठावर पाणी ओतलं की कॅल्शियम आणि कार्बोनेटचा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. क्षारता, म्हणजे मिठाचं प्रमाण, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). रिफ्रॅक्टोमीटर मात्र ३५ पीपीटीच्याच द्रावणावर लावून घ्यावा. शुद्ध पाण्यावर शून्य लावलेला रिफ्रॅक्टोमीटर ३५ ला चुकू शकतो.

मिठाच्या बाबतीत बहुतेक लोक क्षारता पाहतात आणि अल्कलिनिटी, म्हणजे कोरल ज्यातून सांगाडा बांधतात ते पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, पाहत नाहीत. काही मिठं ११-१२ डीकेएचला (अल्कलिनिटीचं माप) बसतात. जुन्या टँकमध्ये ८ डीकेएच आणि नव्या २६० लिटरमध्ये ११, तर मिसळल्यावर आकडा १० च्या जवळ येतो. म्हणजे एका रात्रीत २ डीकेएचची उडी, आणि तीही अॅक्रोपोरा, म्हणजे फांद्यांची कठीण कोरल, आधीच हाताळणीने दमलेली असताना. म्हणून ८ च्या आसपास बसणारं मीठ घेतलं आणि प्रत्येक पिंप स्वतंत्र तपासलं. कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३५० पीपीएम (दशलक्षात भाग).

जुनी वाळू नव्या टँकमध्ये नेली नाही. तिच्या तळात साचलेली घाण आणि ऑक्सिजनविरहित थर हलला की अमोनिया आणि हायड्रोजन सल्फाइड दोन्ही सुटतात. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंसाठी वाळूवर अवलंबून राहायची गरज नसते, ते मुख्यतः दगडात असतात. जुना लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेला दगड, मात्र सगळा नेला, आणि तो पूर्ण वेळ पाण्याखालीच ठेवला, कारण हवेत राहिला की त्यावरचे स्पंज आणि बारीक जीव मरून पुढचे काही दिवस अमोनिया देत राहतात. दगडावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ (कोरलांसारखे जीव) असतील तर हातमोजे आणि चष्मा घालूनच काम करावं. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. असे दगड ब्रशने घासू नयेत, गरम पाण्यात घालू नयेत, उकळण्याचा तर विचारही नको. ती वाफ जिवावर बेतू शकते.

जागा मोठी असल्यामुळे जुन्या दगडांच्या जोडीला तेवढाच ड्राय रॉक (कोरा, निर्जीव दगड) लागला. तो आधीच वेगळ्या पिंपात मिठाच्या पाण्यात, पंप आणि हीटर लावून, अमोनियम क्लोराइडने २ पीपीएम अमोनिया करून मुरवला. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावरच वापरला. नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटची चाचणी फुगीर आकडा दाखवते, तिच्यावर विसंबू नये.

हलवायचा क्रम: आधी पाणी, मग दगड, मग कोरल, शेवटी मासे. त्या दिवसापासून पहिला आठवडा अमोनिया रोज तपासला. तो चढलाच नाही. माशांना काहीही झालं नाही. मऊ कोरल दोन-तीन दिवसांत उघडली. आणि तरीही तिसऱ्या आठवड्यात अॅक्रोपोरा बुंध्याकडून पांढरी पडायला लागली, त्यामागोमाग बर्ड्सनेस्ट, तेही फांद्यांचं कठीण कोरल.

इथे सगळ्यात आधी पाहायचं ते हे, की पांढरं कुठून सुरू होतंय. वरच्या, प्रकाशाकडच्या बाजूला रंग उडाला, सावलीतला भाग तसाच राहिला आणि बोटभर अंतरावरून पाहिलं तर पारदर्शक मांस आणि पॉलिप (कोरलाची बारीक तोंडं) अजून दिसतात, तर ते ब्लीचिंग. प्रकाश जास्त झालाय, कोरल जिवंत आहे, अंधूक जागी हलवलं तर परत येऊ शकतं. टोकं जळल्यासारखी, मांस टोकावरूनच गेलेलं, तर संशय चढ्या अल्कलिनिटीचा, विशेषतः नायट्रेट-फॉस्फेट तळाला असताना. माँटिपोराच्या (पसरट वाढणाऱ्या कठीण कोरलाच्या) कडा कुरतडल्यासारख्या पांढऱ्या असतील तर खालची बाजू भिंगाने पाहायची, तिथे न्युडिब्रँक (कोरल खाणाऱ्या बारीक समुद्री गोगलगाई) आणि त्यांची अंडी सापडतात. बुंध्याकडून वर सरकणारी स्वच्छ रेघ, वर मांस अगदी निरोगी आणि खाली उघडा सांगाडा, याला एसटीएन म्हणतात: संथपणे मांस सुटणं. हेच काही तासांत सगळ्या वसाहतीवर पसरलं तर आरटीएन, आणि त्यात विचार करायला वेळ नसतो.

माझ्याकडे बुंध्याकडची रेघ होती. अल्कलिनिटी ८, क्षारता ३५, तापमान स्थिर. फॉस्फेट मात्र जुन्या टँकमध्ये ०.०८ होतं ते आता शून्य दाखवत होतं. कारण तो ड्राय रॉक. कॅल्शियम कार्बोनेटचा पृष्ठभाग फॉस्फेट धरून ठेवतो. दगड कोरा असेल तर पाण्यातलं फॉस्फेट तो आठवडे-महिने ओढत राहतो, जोवर दगड आणि पाणी यांचा तोल साधत नाही. पिंपात मुरवताना जिवाणू बसतात, पण त्या पाण्यात फॉस्फेटच नसतं, त्यामुळे दगडाची ही भूक तशीच राहते. आज मी ड्राय रॉक मुरवायला घातला तर पिंपात अमोनियाबरोबर फॉस्फेटही घालते आणि आकडा टिकून राहीपर्यंत घालत राहते. ही एक पायरी जवळपास सगळ्या याद्यांमधून सुटलेली असते, आणि माझ्या मते अमोनियाच्या खालोखाल तीच महत्त्वाची आहे.

फॉस्फेट वर आणायला खाद्य दर्जाचं ट्रायसोडियम फॉस्फेट, १२ पाण्याचे रेणू असलेलं, ४ ग्रॅम घेऊन १ लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवलं. या द्रावणाच्या १ मिलिलीटरमध्ये १ मिलिग्रॅम फॉस्फेट येतं. म्हणजे ४०० लिटरला १२ मिलिलीटर घातलं की ०.०३ पीपीएम वाढतं. निर्जल प्रकार घेतला तर हे गणित बदलतं, डब्यावर पाहून घ्यावं. रोज सकाळी १२ मिलिलीटर, संध्याकाळी चाचणी. पहिले काही दिवस संध्याकाळपर्यंत पुन्हा शून्य येतं, सगळं दगडात जातं. हात आखडता न घेता पण मात्रा न वाढवता चालू ठेवायचं. नायट्रेट पडलं असेल तर सोडियम नायट्रेट: ४०० लिटरला ०.५५ ग्रॅमने १ पीपीएम. मी फॉस्फेट ०.०५ ते ०.०८ आणि नायट्रेट ५ ते १० यांच्यात धरलं. दोन्ही शून्यावर रेंगाळली की कोरलांबरोबर दुसरं संकटही येतं, डायनोफ्लॅजेलेट: तपकिरी, चिकट, बुडबुडे धरून बसणारी लाळ. ती थोडी बाटलीत घेऊन जोरात हलवायची, कॉफी फिल्टरमधून गाळायची आणि गाळलेलं पाणी दिव्याखाली ठेवायचं. तासाभरात पुन्हा धागे जमले तर डायनो समजावेत.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. कोरलांची पहिली फेरी कशानेही मरो, दुसरी फेरी बहुतेक वेळा डोसर, म्हणजे रोज ठरलेली मात्रा टाकणारं यंत्र, मारतो.

जुन्या टँकमध्ये १४० लिटर पाणी रोज १.२ डीकेएच खात होतं. बायकार्बोनेटच्या (खाण्याच्या सोड्याच्या) भाषेत, १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम लागतात, म्हणजे रोज ५ ग्रॅम. नव्या टँकमध्ये कोरल तीच, म्हणून ग्रॅमही तेच. फक्त ४०० लिटरमध्ये रोजची घट ०.४२ दिसते. पाणी वाढलं म्हणून डोस वाढवायचा नसतो, खाणारी तोंडं तेवढीच आहेत. मग अॅक्रोपोरा आणि बर्ड्सनेस्ट गेली, म्हणजे सगळ्यात जास्त सांगाडा बांधणारीच गेली. समजा खप निम्मा झाला, २.५ ग्रॅम. डोसर मात्र ५ ग्रॅम देतच राहतो. उरलेले २.५ ग्रॅम रोज ०.२ डीकेएच चढवतात. दहा दिवसांत ८ चे १० होतात, तेही फॉस्फेट तळाला असताना. वाचलेल्या कोरलांची टोकं जळतात, तीही खायची थांबतात, खप आणखी पडतो आणि आकडा आणखी वेगाने चढतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, रोग पसरतोय.

म्हणून पहिली वसाहत पांढरी पडताना दिसली तेव्हाच डोस अर्ध्यावर आणला आणि अल्कलिनिटी रोज, एकाच वेळी, दिवे लागायच्या आधी तपासली. ती ०.१ ते ०.२ ने घसरत राहिली तर बरं, मग हाताने भरता येते. चढली तर डोस सरळ बंद. कॅल्शियमचा डोस त्याच प्रमाणात कमी. या काळात ७.५ ते ८ वर राहणं ९ वर जाण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित.

वाचवण्याचं काम हाताने. एसटीएनच्या रेघेच्या वर १ ते २ सेंटिमीटर, निरोगी मांसातच, बोन कटरने तोडायचं. रेघेवर तोडलं तर मरण तुकड्याबरोबर पुढे जातं. तुकडे आयोडीनच्या डिपमध्ये बाटलीवरच्या मात्रेइतके बुडवून, स्वच्छ खाऱ्या पाण्यात खंगाळून सायनोअॅक्रिलेट जेलने प्लगवर (छोट्या बैठकीवर) बसवले. एकाच वसाहतीचे तुकडे वेगवेगळ्या उंचीवर आणि वेगवेगळ्या प्रवाहात ठेवावेत. टॉर्च कोरलाच्या एका डोक्याला तपकिरी जेली (मांस सडवणारा रोग) लागली, तिथे पद्धत वेगळी: आधी सगळे पंप बंद, बारीक नळीने जेली बादलीत ओढून घ्यायची, ते पाणी फेकायचं, मग ते डोकं मांसाच्या बरंच खाली सांगाड्यावर कापून टँकबाहेर काढायचं. पंप चालू ठेवून जेली हलवली तर तिचे तुकडे शेजारच्या डोक्यांवर जाऊन बसतात.

नवीन दिव्यांचा वेगळा त्रास टाळला, कारण दिव्यावर दिसणाऱ्या टक्क्यांवर विश्वास ठेवला नाही. पीएआर मीटरने, म्हणजे कोरलाला उपयोगी प्रकाश मोजणाऱ्या मीटरने, जुन्या टँकमध्ये प्रत्येक कोरलाच्या जागी आकडा घेऊन ठेवला होता: अॅक्रोपोरा २५०, टॉर्च १२०, झोअँथिड ८०. नव्या टँकमध्ये त्याहून २० टक्के कमी भरेल एवढ्यावर सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडं वाढवलं. पाणी बदलल्यावर आणि नवा कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) घातल्यावर ते जास्त स्वच्छ होतं आणि तोच दिवा जास्त खोल पोचतो, हेही धरून चालावं. कार्बन मात्र या काळात हवाच, ४०० लिटरला साधारण २ कप. दुखावलेली लेदर कोरल जी रसायनं सोडतात ती कठीण कोरलांना बाधतात.

मेलेले सांगाडे सगळे काढायची घाई नको. सडलेलं मांस असेल तर लगेच काढावं, त्याचा वास पाण्याबाहेर काढताक्षणी येतो. टॉर्च, हॅमर या कोरलांचे उघडे सांगाडे मात्र टँकच्या कोपऱ्यात ठेवून द्यावेत, आत उरलेल्या मांसाच्या कणातून काही महिन्यांनी छोटी डोकी फुटू शकतात. माँटिपोराच्या जिवंत कडाही कधी कधी मेलेल्या भागावर पुन्हा चढतात.

नवीन कोरल कधी आणायचं, याचं उत्तर मी कॅलेंडरवरून देत नाही. फॉस्फेटचा डोस बंद केल्यावरही आकडा आठवडाभर ०.०५ च्या खाली गेला नाही, काचेवर आणि पाठच्या भिंतीवर कोरलाइन शेवाळाचे जांभळे ठिपके दिसू लागले आणि रोजचा अल्कलिनिटीचा खप सलग काही आठवडे सारखा राहिला की आधी एक माँटिपोराचा तुकडा घालायचा. त्याच्या कडेला नवी फिकट किनार आली तर अॅक्रोपोराचा एक तुकडा. कोरलाइन आणि नवे तुकडे दोन्ही वाढतात तसा खप हळूहळू चढतो. डोस त्याच्या मागून वाढवायचा, एका वेळी दहा टक्क्यांनी, आणि प्रत्येक वाढीनंतर तीन दिवस आकडा पाहून.