खिडकी येते, मेल येत नाही

आमच्या इंदूरच्या संस्थेचं वेबमेल होर्ड या सॉफ्टवेअरवर चालतं. सभासद बरेचसे साठीच्या पुढचे. फोनवर टिंगटिंग वाजलेलं त्यांना आवडत नाही, पण मेल मात्र रोज सकाळी नेमाने उघडतात. म्हणून कार्यकारिणीची बैठक, सभागृहाचं बुकिंग, मुदतठेवींच्या तारखा असं सगळं मी होर्डमधल्या क्रोनोलिथ या कॅलेंडरात टाकते आणि आठवणीचा मेल ज्याच्या त्याला जातो. पावसाळ्याच्या सुरुवातीला हे मेल जायचे थांबले. एका ठेवीची तारीख उलटून गेली, तेव्हा कुठे ते लक्षात आलं.

हे मेल पाठवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, हाताने चालवून पाहिली, तर एक अक्षर न छापता संपली. ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनच्या नोंदीतही दर पाच मिनिटांनी ती चाललेली दिसत होती. खरा धागा खजिनदार काकांनी दिला. म्हणाले, "अगं, मेल उघडून बसलो की आठवणीची खिडकी येते की समोर! मेल तेवढा येत नाही."

हा फरक फार महत्त्वाचा आहे. खिडकी दाखवायला लॉगिन केलेला माणूस समोर असतो. मेल पाठवणारी होर्ड-अलार्म्स ही स्क्रिप्ट क्रॉनमधून चालते, तिथे कोणीच लॉगिन केलेलं नसतं. आमच्या होर्डमध्ये मेल पाठवताना लॉगिन केलेल्याचंच नाव आणि पासवर्ड मेल पुढे पाठवणाऱ्या एसएमटीपी सर्व्हरला द्यायचा, अशी सेटिंग होती. ब्राउझरमधून पाठवलेला मेल त्यामुळे सुरळीत जायचा. क्रॉनमधल्या स्क्रिप्टकडे द्यायला पासवर्डच नव्हता, आणि सर्व्हर तिला परत पाठवत होता.

ही चूक लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, नोंदली गेली होती, पण सापडत नव्हती. होर्डचा लॉग मुळात टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये पडतो. डेबियन या लिनक्सवर अपाची या वेब सर्व्हरला, सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीकडून स्वतःचं वेगळं, खाजगी टेम्प मिळतं. म्हणजे एकाच नावाच्या दोन फाइली: ब्राउझरच्या तक्रारी अपाचीच्या टेम्पमध्ये, क्रॉनच्या खऱ्या टेम्पमध्ये. एक उघडून 'सगळं ठीक आहे' म्हणणारे पुष्कळ असतील. माझं कळकळीचं सांगणं आहे, लॉगचा पत्ता बदलून लॉग फोल्डरमध्ये न्या, आणि वेब व क्रॉन दोघांनाही तिथे लिहिता येईल असं बघा.

उपाय छोटा निघाला. होर्डचा मेलर त्याच मशीनवरच्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हरकडे वळवला, पोर्ट २५, पासवर्डशिवाय. १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, आलेला मेल पोस्टफिक्स विश्वासाने घेतं. पाच मिनिटांत काकांना मेल पोचला.

नंतर काही सभासदांना वेळ चुकीची दिसू लागली. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल तर दुसरीकडे शोधूच नका, कुठेतरी यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, बसलंय. होर्ड ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीची अपाचीसाठी एक आणि कमांड लाइनसाठी दुसरी अशा दोन सेटिंग फाइली असतात, आणि टाइमझोन बहुधा पहिलीतच भरलेला असतो. सभासदाच्या होर्डमधल्या पसंतीतला टाइमझोनही बघावा. आणि सर्व्हरचाच टाइमझोन बदललात तर क्रॉन रीस्टार्ट करा, तोवर ते जुन्याच घड्याळावर चालतं.

तपासताना स्क्रिप्ट रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून चालवण्यात अर्थ नाही. क्रॉन ज्या युजरच्या नावाने ती चालवतं त्याच युजरने, सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (आपल्या लॉगिनसोबत येणारी सेटिंग) काढून टाकून चालवायची. क्रॉनचा पाथ, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांची यादी, अगदी तोकडा असतो, म्हणून पीएचपीचा पूर्ण पत्ता लिहायचा. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर क्रॉन तिथे ओळ तोडतं, त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ हवी. डेबियनच्या क्रॉन-डी फोल्डरमधल्या फाइलच्या नावात टिंब असेल तर ती फाइल वाचलीच जात नाही, आणि तसं कोणी सांगतही नाही.

आता माझ्या स्वतःच्या कॅलेंडरात रोज सकाळी नऊची एक नोंद आहे, 'चाचणी' नावाची. सव्वानऊपर्यंत तिचा मेल आला नाही, तर ठेवींच्या तारखा असलेल्या सभासदांना मी आधी फोन करते आणि मग लॉग उघडते.