दबक्या आवाजातली ७७ मिनिटं

आज दिवसभर यो ला टेंगोचा 'अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट' लावून ठेवलाय. फेब्रुवारी २००० चा अल्बम. गिटारच्या गोंगाटासाठी ओळखला जाणारा न्यू जर्सीतल्या होबोकेनचा हा बँड इथे जवळजवळ कुजबुजतो. आयरा कॅप्लन आणि जॉर्जिया हबली हे नवरा-बायको, बेसवर जेम्स मॅकन्यू.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. पहिल्याच गाण्याचा सगळा जीव खालच्या बेसमध्ये आहे आणि फोन नेमका तोच गिळतो. मग उरते नुसती पुटपुट, आणि लोक म्हणतात 'बोअर आहे'. साधे वायरचे हेडफोनसुद्धा चालतील.

दुसरी गोची आवाजाची. सुरुवात हळू म्हणून व्हॉल्यूम चढवलात, तर नवव्या गाण्यात गिटार कानठळ्या बसवेल. अख्ख्या अल्बममध्ये खरा दंगा तेवढाच. बरं, प्रत्येक गाण्याचा आवाज एकसारखा करणारी सेटिंग चालू असेल तर हा धक्काच सपाट होतो; ती बंद करा. शफल तर नकोच.

शेवटचं, तेरावं गाणं १७ मिनिटांपेक्षा लांब. शब्द लवकर संपतात, पुढे ड्रम आणि गिटार रेंगाळत राहतात. 'आता काही होणार नाही' म्हणून इथेच बंद करणारे पुष्कळ. अहो, थांबा की जरा! त्या रेंगाळण्यासाठीच तर बाकीची जवळजवळ सगळी गाणी हळू ठेवलीत, असं माझं ठाम मत.