बारा तास बेचाळीस मिनिटं

25 जून 2013, ऑस्टिन. टेक्सास राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात, सदस्यांच्या कार्यालयांत राबणाऱ्या आम्हा लोकांचं लक्ष त्या दिवशी भाषणापेक्षा घड्याळाकडे जास्त होतं. तीस दिवसांचं विशेष अधिवेशन रात्री बाराला संपणार होतं. तोवर मतदान झालं नाही तर गर्भपातावर निर्बंध आणणारं 'सिनेट बिल 5' आपोआप बाद.

एकूण सदस्य 31. रिपब्लिकन 19, डेमोक्रॅट 12. नेहमीच्या 140 दिवसांच्या अधिवेशनात विधेयक चर्चेला घ्यायलाच दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागायची. या वेळी तो अडसर बाजूला ठेवलेला, म्हणजे अल्पमतातल्यांच्या हाती फिलिबस्टर सोडून काही उरलं नव्हतं. बोलत राहायचं आणि वेळ मारून न्यायची. आपल्याकडे अध्यक्ष घंटी वाजवून वक्त्याला खाली बसवतात. इथे सदस्य नियमात राहिला तर त्याला कोणी थांबवू शकत नाही.

सकाळी 11.18 ला फोर्ट वर्थच्या डेमोक्रॅट सदस्य वेंडी डेव्हिस उभ्या राहिल्या. मध्यरात्रीला बारा तास बेचाळीस मिनिटं होती. फोटोंत गाजलेले ते गुलाबी धावायचे बूट हौसेचे नव्हते. बसायचं नाही, टेबलाला टेकायचं नाही, खायचं-प्यायचं नाही, शौचालयालाही जायचं नाही. त्यासाठी त्यांनी कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, लावून घेतला होता. पण शरीर यातलं बरंच सोसतं. माणूस अडकतो तो विषयाच्या नियमात. वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये पाककृती वाचल्या तरी चालतात, टेक्सासमध्ये विधेयकाबाहेर गेलात की हरकतीचा मुद्दा आलाच. म्हणून डेव्हिस यांच्यासमोर कागदांचा गठ्ठा होता: समितीपुढे बोलायची संधी न मिळालेल्या बायकांची निवेदनं. ती वाचत राहिलं की विषयही सुटत नाही आणि वेळही जातो.

तिसरी हरकत मान्य झाली की भाषण बंद करायचं, असा प्रघात. पहिली हरकत कुटुंबनियोजनाच्या निधीवर बोलल्याबद्दल मान्य झाली. दुसरी संध्याकाळी, सहकारी रॉडनी एलिस यांनी पाठीचा पट्टा बांधायला हात लावला म्हणून. उभं राहायला मदत घेतली असा त्याचा अर्थ लावला गेला. तिसरी रात्री दहाच्या सुमारास: गर्भपाताआधी सोनोग्राफी सक्तीची करणाऱ्या 2011 च्या कायद्याचा उल्लेख. गर्भपाताच्या विधेयकात सोनोग्राफी विषयाबाहेर कशी, हे मला अजूनही पटलेलं नाही. पण पीठासीन लेफ्टनंट गव्हर्नर डेव्हिड ड्यूहर्स्ट यांनी हरकत उचलून धरली.

भाषण थांबलं, घड्याळ मात्र चालूच. उरलेले जवळपास दोन तास डेमोक्रॅटांनी निर्णयावर अपील आणि नियमांविषयीचे प्रश्न यांतच घालवले. इथे आवेश कामाचा नसतो; नियमावली तोंडपाठ असलेला माणूस लागतो. त्याच दिवशी वडिलांच्या अंत्यविधीहून आलेल्या लेटिशिया व्हॅन डी प्युट यांनी, स्त्री सदस्याने पुरुष सहकाऱ्यांच्या वर आवाज चढवला तरच तिची दखल घेतली जाणार का, असं विचारलं आणि प्रेक्षकांची गॅलरी उसळली. शेवटची पंधरा मिनिटं त्या आरडाओरड्यात नावं पुकारणंच अशक्य झालं. मतदान झालं, 19 विरुद्ध 10. पण बाराच्या आधी की नंतर? अधिकृत नोंदीत आधी 26 जून अशी तारीख दिसली, मग ती 25 झाली. दोन्हींची छायाचित्रं तोवर लोकांनी काढून ठेवली होती. पहाटे तीनच्या सुमारास ड्यूहर्स्ट यांनी मान्य केलं की मुदतीत सही झालेली नाही, विधेयक संपलं.

दुसऱ्याच दिवशी गव्हर्नर रिक पेरी यांनी 1 जुलैपासून पुन्हा अधिवेशन बोलावलं. तोच मजकूर 'हाऊस बिल 2' म्हणून मंजूर झाला आणि 18 जुलैला त्यावर सहीही झाली. त्यातल्या दोन मुख्य अटी सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये रद्द केल्या. तोवर डेव्हिस गव्हर्नरपदाची निवडणूक हरून सिनेटबाहेर पडल्या होत्या. आमदारकीचा पगार तेव्हा महिना 600 डॉलर होता. आजही तेवढाच आहे.