विरेचन एका दिवसाचं, तूप पचायची वाट बघणं मात्र संपत नाही (माझा अनुभव)

विरेचन, म्हणजे पंचकर्मातलं औषध देऊन जुलाब करवणं, केलं म्हटलं की सगळे त्या एका दिवसाबद्दलच विचारतात, किती वेळा जावं लागलं, मुरडा आला का, ऑफिसचं काय केलंस. अहो तो दिवस काहीच नाही. खरा कस लागतो तो आधीच्या स्नेहपानात, म्हणजे रोज औषधी तूप पिण्यात, आणि त्याबद्दल मला मिळालेल्या कागदावर एकच ओळ होती, 'सम्यक लक्षणे दिसेपर्यंत औषधी तूप'. सम्यक म्हणजे नक्की काय, ते विचारलं तर 'आम्ही बघू ना, तुम्ही टेन्शन घेऊ नका'. टेन्शन कोणी घेतलं होतं, मला सुट्टीचा अर्ज टाकायचा होता!

अंगावर पित्त उठायचं, ॲसिडिटी तर कायमचीच, म्हणून वैद्यांनी सुचवलं. जीभ बघितली, नाडी बघितली, कोठा जड की हलका ते विचारलं, रक्त तपासून घेतलं, पाचनाची औषधं दिली. ते सगळं सुरळीत झालं.

मग तूप सुरू. पंचतिक्त घृत, म्हणजे कडुनिंब, अडुळसा, गुळवेल, रिंगणी आणि पटोल घालून सिद्ध केलेलं. पहिल्या दिवशी 30 मिली, मग पचनशक्ती बघून रोज वाढवत नेतात. सकाळी उपाशीपोटी प्यायचं, वर गरम पाण्याचे घोट. नाक दाबलं की घशाखाली जातं, पण कडवटपणा जिभेच्या मुळाशी ठाण मांडून बसतो. बरं, पिणं हा त्यातला सोपा भाग. त्यानंतर भूक लागेपर्यंत काहीही खायचं नाही, आणि भूकसुद्धा खरी हवी, घड्याळ बघून लागलेली नाही. ढेकर शुद्ध हवा, त्याला तुपाचा वास आला म्हणजे अजून पचलं नाही. दिवसा झोपायचं नाही, गार पाणी नाही, वाऱ्यात बसायचं नाही, जोरजोरात बोलायचं नाही (हे शेवटचं घरच्यांनी फार मनावर घेतलं).

पहिल्या दिवशी दुपार व्हायच्या आत कडकडून भूक लागली आणि मी खुश, म्हटलं आपली पचनशक्ती भारी. पण मात्रा वाढली तशी भूक पुढे पुढे सरकत गेली, आधी दुपारवर, मग संध्याकाळवर, डोकं जड, तोंडाला चव नाही, आणि हातात तो तक्ता. तक्त्यात तहान, ढेकर, भूक, शौच सगळं वेळेसकट लिहायचं. संध्याकाळी असिस्टंट डॉक्टरचा फोन, 'भूक लागली का?' नाही म्हटलं की पलीकडून एक 'हं', आणि मग 'उद्या बघू'. दुसऱ्या दिवशी परत तेच. एक दिवस मी चिडून विचारलं की मॅडम, तुम्ही नक्की कशाची वाट बघताय ते मला सांगा ना, मी पण बघते! तेव्हा कुठे कळलं: शौच तेलकट आणि सैल व्हायला हवी, त्वचा मऊ तुळतुळीत, वारा नीट सरायला हवा, आणि तुपाची शिसारी यायला हवी. शिसारी! ती तर मला केव्हाच आली होती, पण तक्त्यात त्याचा रकानाच नव्हता. हे पाच मिनिटांत आधी सांगता आलं असतं. स्नेहपान साधारण 3 ते 7 दिवस चालतं, लक्षणं दिसली की थांबवतात, म्हणून सुट्टी सातच्याच हिशेबाने घ्या.

पुढे तीन दिवस तेल लावून वाफ, चौथ्या दिवशी त्रिवृत लेह, म्हणजे जुलाबाचं चाटण, वेग आले (म्हणजे जुलाब), शेवटी नुसता कफासारखा चिकट पडला तेव्हा झालं म्हणाले. मी इतकी दमले होते की वेग मोजायचे घरच्यांनीच मोजले.

त्यानंतरची पेज मात्र चुकवू नका. आधी पातळ पेज, मग घट्ट, मग मुगाचं कढण, मग हळूहळू जेवण. पोट साफ झालंय म्हणून लगेच ताव मारायचा नसतो, पचनशक्ती तेव्हा नाजूक असते. वजन उतरलेलं दिसेल, पण ते बहुतेक पाणीच, नाचू नका. शरीरातली विषं निघाली वगैरे मी म्हणणार नाही, लिव्हर आणि किडनी रोज आपलं काम करतातच. पित्त उठणं कमी झालं आणि जेवण पचायला लागलं, एवढं मात्र खरं.

हो, राहिलंच, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर पहिल्याच भेटीत सांगा. गरोदर असाल, ताप किंवा अशक्तपणा असेल, तर हे नाहीच. आणि एरंडेल घेऊन घरच्या घरी विरेचन करायला जाऊ नका. कपडे जुने घाला, तेलाचे डाग निघत नाहीत.

आता रोजचं म्हणाल तर सकाळी जीभ घासणं, रात्री तळपायांना तेल, आणि आधीचं पचल्याशिवाय पुढचं न खाणं, एवढंच टिकलंय. तूप भातावरसुद्धा अजून नको वाटतं. आणि बायकांनो, पाळीची तारीख वैद्यांना आधीच सांगून मग दिवस ठरवा, मध्येच आली तर सगळं थांबवावं लागतं आणि तूप परत पहिल्यापासून.